‘वर कळवतो’ म्हणजे कुणाला?

सरकारी दवाखान्यात जनसंवाद, म्हणजे गाव आणि दवाखान्याची समोरासमोर जाहीर बैठक, ठेवायचा म्हटलं की पहिला वाद खुर्च्यांवरून होतो. तालुक्याचे साहेब येणार म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई टेबलावर पांढरी चादर अंथरतो, कुणीतरी हार मागवतं, माईक स्टेजवर जातो. आणि जिला स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोलायचं असतं ती मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसते. काही वर्षं मी आमच्या तालुक्यात आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवायच्या या कामाची समन्वयक होते. ‘स्टेज नको’ हा हट्ट मी कधी सोडला नाही. बसायचं तर सगळ्यांनी खुर्चीवर, नाहीतर सगळ्यांनी सतरंजीवर. हार नाही, नारळ नाही, मान्यवरांची मनोगतं तर अजिबात नाहीत. साहेबलोक थोडे नाराज व्हायचे, पण बसायचे.

हे प्रकरण ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख असावी हे त्या अभियानातच लिहिलेलं होतं. २००७ मध्ये नऊ राज्यांत ते करून बघायला घेतलं. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. राज्याचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. पुढे जिल्हे वाढले, त्यात आमचा तालुकाही आला. गावात गटचर्चा घेऊन तक्ते भरायचे, आरोग्य केंद्रात जाऊन पाहणी करायची, उत्तरांप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि हे सगळं घेऊन गाव आणि दवाखाना यांना जाहीरपणे समोरासमोर बसवायचं, अशी पद्धत.

तक्ते भरणं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गावात बसलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडं सगळं बेस आहे.’ सिस्टर शेजारी उभी, सिस्टरच्या शेजारी आशाताई. उद्या लेकराला डोस पाजायला त्यांच्याकडंच जायचं, मग कोण कशाला तोंड उघडेल? म्हणून आम्ही दुसरी फेरी संध्याकाळी करायचो. वाडीवर, जेवणखाण आटोपल्यावर, सरकारी माणूस कुणी नसताना. तिथेही एक गोष्ट लगेच लक्षात यायची. बापे बसलेले असले की रस्ता, गाडी, डॉक्टर जागेवर नसतात एवढंच निघायचं. ते विडीकाडीला उठून गेले की बाळंतपणाचा विषय निघायचा. कळा देताना सिस्टर काय बोलली. हातमोजे आणि सलाईन बाहेरून कसं आणायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता घरी जा’ म्हटल्यावर ओल्या बाळंतिणीला जीप करून कसं आणलं आणि जीपवाल्याचं भाडं अजून कसं द्यायचं राहिलंय.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, तपासण्या, नेणं-आणणं फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवणही फुकट. वाडीवरच्या बायकांना यातलं ‘पैसे मिळतात’ एवढंच ठाऊक होतं, आणि ते पैसेही या कार्यक्रमाचे नव्हेत. ते जननी सुरक्षा योजनेचे: ग्रामीण भागात ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना. घरी सोडायला गाडी द्यावी लागते हे सांगितल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, ‘बाई, तू आधी कुठं होतीस?’ त्यावर काय बोलणार!

आम्ही एक सवय मात्र चिकाटीने लावली. डॉक्टरने बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती फेकायची नाही. ‘नेहमी बाहेरचं लिहून देतात’ या वाक्याला बैठकीत कुणी विचारत नाही. तारीख असलेल्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या की डॉक्टर चष्मा लावतात. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या देवाच्या फोटोमागे त्या चिठ्ठ्या जमत गेल्या. बोलायचं की नाही, स्वतःचं नाव सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही बायकांनी ‘तू वाच, माझं नाव घेऊ नको’ असं सांगितलं आणि आम्ही तसंच केलं.

मग दवाखान्याची पाळी. ‘तुम्ही आम्हाला तपासायला आलात?’ हे वाक्य प्रत्येक केंद्रात एकदा तरी ऐकावं लागतं. आमच्याकडे पत्र असायचं, त्यामुळे हाकलत नव्हते, पण चहा येईपर्यंत वातावरण कडकच. अशाच एका पाहणीत औषध निर्माण अधिकाऱ्याने कपाट उघडलं, मागणीपत्रांची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मागितलेलं एका रकान्यात, मिळालेलं दुसऱ्यात. लहान मुलांच्या तापाच्या औषधासमोरचा मिळालेल्याचा रकाना कित्येक महिने कोराच. ‘हे तुम्ही गावात वाचून दाखवाल का?’ त्याने विचारलं. ‘आम्ही वाचलं तर रडगाणं होतं.’ डॉक्टरांचं दुखणं निराळं. केंद्राला दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं, त्यातलं एक रिकामं. दिवसा ओपीडी, रात्री बाळंतपणं, मधेच जिल्हा परिषदेत बैठक, त्यात पोलीस केस आली तर तीही. नियमाने मुक्कामी राहायचं, पण क्वार्टरचं छत गळतंय. लोकांच्या तक्त्यात याच डॉक्टरांपुढे ‘जागेवर नसतात’ असा लाल शेरा होता. तो चुकीचा नव्हता, आणि ते जे सांगत होते तेही खरंच होतं.

इथून माझं आणि आमच्याच काही कार्यकर्त्यांचं वाजलं. माझं म्हणणं, जनसंवादाच्या आधी दवाखान्यातल्या सगळ्यांबरोबर एक बैठक घेऊ. कुठले प्रश्न येणार ते आधीच सांगू. त्यांचं म्हणणं, आधी सांगितलं तर ते सगळं झाकून ठेवतील. संडास धुतील, फलक रंगवतील, औषधं भरतील. मी म्हटलं, भरू देत की! संडास धुतला तर तो आठवडा लोकांना धुतलेला संडास मिळेल, आपलं काय गेलं? गंमत बाजूला ठेवली तरी माझा मुद्दा साधा होता. अचानक पकडलेला माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. आणि आम्हाला पाहिजे होतं उत्तर. ती बैठक झाली. कार्यकर्ते म्हणाले होते तसं थोडं झाकलं गेलं, पण त्याहून जास्त उघडं झालं.

त्या बैठकीत एक काम असं झालं की पुढची सगळी प्रक्रिया त्यावर उभी राहिली. जमलेल्या सगळ्या तक्रारी आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि जमिनीवर त्यांचे ढीग लावले. दवाखान्याच्या हातात काय, तालुक्याच्या हातात काय, जिल्ह्याच्या, राज्याच्या, आणि एक ढीग गावाच्या हातातलाही. रिकामं पद भरणं डॉक्टरांच्या हातात नाही. पण ओपीडीची वेळ फलकावर लिहिणं, फिरतीवर गेल्यावर ‘कुठे गेलो, कधी येणार’ हे दारावर लावणं, बाळंतिणीशी नीट बोलणं, बायकांच्या संडासाची किल्ली कुणाकडे असते ते सांगणं, हे सगळं त्यांच्याच हातात. दवाखान्याचा ढीग इतका मोठा होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. डॉक्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे अर्धं तर आम्हीच करू शकतो.’ आरोग्य सहाय्यिका म्हणाल्या, ‘साहेब, अर्ध्याच्या वर आहे.’

गावाच्या ढिगात पैसेही होते, हे गावाला माहीत नव्हतं. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत बंधमुक्त निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा पैसा, येतो. आरोग्य केंद्राला तेव्हाच्या नियमाप्रमाणे रुग्ण कल्याण समितीचा १ लाख, देखभालीचा ५० हजार आणि बंधमुक्त २५ हजार असे मिळून पावणेदोन लाख यायचे. या रुग्ण कल्याण समितीवर आपण सदस्य आहोत हे आमच्या गावच्या सदस्यालाच माहीत नव्हतं. सह्या मात्र त्याच्याच होत्या. रजिस्टर घरी यायचं, तो अंगठ्याऐवजी सही करतो म्हणून खूश असायचा. खर्चात पडदे होते, प्रिंटरची शाई होती, रंगरंगोटी होती. अफरातफर म्हणावी असं काही मला दिसलं नाही. पेशंटला काय हवंय हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. विचारल्यावर बायकांनी आधी मागितलं ते संडासाच्या दाराला आतून कडी आणि रात्री तिथे दिवा. यासाठी कुठल्या मंत्रालयात जायची गरज नव्हती.

जनसंवादाच्या दिवशी नियम एकच ठेवला होता: काय घडलं ते आधी, मागणी नंतर. ‘हे डॉक्टर नालायक आहेत’ चालणार नाही. ‘अमुक दिवशी मी आलो, दार बंद होतं’ चालेल. बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. औषध निर्माण अधिकाऱ्याची मागणीपत्रं ठरल्याप्रमाणे आम्हीच वाचली. मागणी जाऊनही औषध आलेलं नाही हे ऐकल्यावर लोकांची मान दवाखान्याकडून तालुक्याच्या साहेबांकडे वळली. ती वळलेली मान मला फार आवडली. राग योग्य पत्त्यावर जायला लागला होता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सापावर. पावसाळ्यात एका वाडीतला पोरगा दगावला होता. त्याचा चुलता उभा राहिला. ‘लस होती ना तुमच्याकडं? मग तालुक्याला का पाठवलं? मरायला?’ मंडपात एकदम गलका झाला. डॉक्टर उठले, आणि बचाव न करता त्यांनी शिकवायला सुरुवात केली. मण्यार चावली की बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही. माणूस झोपेतच असतो. पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून दिल्या तरी श्वास बंद पडायला लागला तर मशिन लागतं, आणि ते प्राथमिक केंद्रात नसतं. फुरसं किंवा घोणस असेल तर रक्त गोठतंय का ते बघतात: काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायची. ‘लस दिली आणि गाडीत घातलं, दोन्ही केलं,’ ते म्हणाले. ‘पण माझ्याकडं आला तेव्हा पापण्या पडलेल्या होत्या. चावल्यावर किती वेळाने आणला?’

चुलता गप्प झाला. तेवढ्यात मागून वाडीचा भगत उठला. त्याला आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. तो कुठल्याच सरकारी बैठकीला यायचा नाही. तो म्हणाला, ‘माझ्याकडं आणला आधी, खोटं नाही बोलत. मी म्हटलं दवाखान्यात न्या. पण रात्रीचं तुमचं गेट बंद असतं. हाका मारून माणूस परत आलाय आधी दोनदा. मग लोकं माझ्याकडं येतात, कारण माझं दार उघडं असतं.’

आतापर्यंत नियम पाळून बसलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टरांनी ते थांबू दिलं आणि सिस्टरकडे बघितलं. सिस्टर तोवर एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘गेट मीच लावते. रात्री मी आणि परिचर मावशी, दोघीच असतो. पिऊन येतात, लाथा मारतात दारावर. यातलेच दोघं समोर बसलेत, नावं घेत नाही. तुम्ही सांगा, उघडं ठेवू?’ कुणी हललं नाही. मग बायकांच्या बाजूनं आवाज आला, ‘नको ठेवूस बाई.’

या तीन बोलण्यांमधून जे ठरलं ते मला आजही त्या दिवसाचं खरं काम वाटतं. गेटला घंटा, बाहेर मोठा दिवा. रात्री सर्पदंश किंवा बाळंतपण असेल तर येणाऱ्याने गावच्या आशाताईला फोन करायचा, तिने सिस्टरला. ओळखीचा आवाज आला की गेट उघडणार. दारू पिऊन त्रास देणाऱ्याचं ग्रामपंचायत बघणार, तसा ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्यायचा. आणि भगताने हात लावण्याआधी १०८ ला फोन करायचा. यावर भगत म्हणाला, ‘फोन करीन, पण मंत्र पण म्हणीन.’ डॉक्टर म्हणाले, ‘गाडी येईपर्यंत म्हणा. चावलेला पाय हलवू नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका.’ सौदा झाला.

असल्या दिवसाला एक पुढारी लागतोच. आमच्या पुढाऱ्याने माईक धरला आणि डॉक्टरांची बदली झालीच पाहिजे अशी घोषणा सुरू केली. त्याची जुनी कुरबुर होती. डॉक्टरांनी त्याच्या पाहुण्याला खोटा दाखला दिला नव्हता, हे अर्ध्या मंडपाला ठाऊक होतं. संचालन निवृत्त मुख्याध्यापकांकडे होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘दादा, काय घडलं ते आधी सांगा.’ दादांना घडलेलं काही सांगता येईना. त्यांनी माईक ठेवला आणि फोनवर बोलत बाहेर गेले. बदली हा लोकांना सगळ्यात सोपा उपाय वाटतो. आमच्यासारख्या डोंगराळ तालुक्यात बदली म्हणजे रिकामी खुर्ची, तीही किती महिने ते सांगता येत नाही.

तालुक्याच्या साहेबांचं उत्तर मात्र सगळ्याला एकच: ‘वर कळवतो.’ औषधं? वर कळवतो. दुसरा डॉक्टर? वर कळवतो. क्वार्टरचं छत? तेच. आम्ही आधीच एक मोठा कागद भिंतीला लावला होता. त्यावर रकाने होते: मुद्दा, कोण कळवणार, कुणाला कळवणार, कोणत्या तारखेपर्यंत, जावक क्रमांक. ‘साहेब, वर म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी की बांधकाम विभाग?’ असं विचारल्यावर ते पहिल्यांदा थबकले, मग त्यांनी स्वतःच पेन घेतलं. छताचं काम आरोग्य खात्याकडे नाहीच, ते बांधकामाकडे जातं, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा कळलं. चुकीच्या दारावर किती अर्ज टाकले असतील डॉक्टरांनी!

जनसंवादाचे फोटो छान येतात. त्यानंतरच्या महिन्यांचे कुणी काढत नाही. तो कागद आम्ही गुंडाळून ठेवला नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यातच लावला, आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत पहिला विषय ‘मागच्या कागदाचं काय झालं’ हाच ठेवायला लावला. गेटची घंटा, दिवा, कडी हे आधी झालं. बाळंतिणीला घरी सोडायच्या गाडीचा नंबर फलकावर आला, आणि गाडी दिली नाही तर कारण रजिस्टरमध्ये लिहायचं ठरलं. कारण लिहावं लागतं म्हटल्यावर गाडी बरीचशी मिळायला लागली. बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. औषध वरूनच आलं नाही तर डॉक्टर तरी काय करणार? फक्त आता ते चिठ्ठीवर ‘साठा नाही’ असं लिहून सही करतात. दुसरं पद अधूनमधून भरलं जातं, परत रिकामं होतं. प्रक्रियेचा निधी कधी यायचा, कधी उशिरा यायचा, आणि तो नसताना कोण टिकतं हेही त्यात दिसलं.

एक मोठी उणीव मात्र कागदावर कधीच आली नसती, कारण ती सांगणारी माणसं मंडपातच नव्हती. आमच्याकडची निम्मी वाडी दिवाळीनंतर उसाला किंवा वीटभट्टीवर जाते, ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. कागदोपत्री सोयीचं म्हणून सगळे जनसंवाद जानेवारी-फेब्रुवारीत लागायचे, आर्थिक वर्ष संपायच्या आत. म्हणजे ज्यांची लसीकरणं चुकतात, ज्यांची बाळंतपणं फडात होतात, ते सोडून बाकीचे बोलायचे. आम्ही तारीख बदलून घेतली, दसऱ्याच्या आसपास. त्यावर्षी पहिल्यांदा बायांनी विचारलं की फडावर असताना पोराचा डोस चुकला तर परतल्यावर देता येतो का, आणि सोबत काय कागद न्यावा. सिस्टरने तिथेच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करायला घेतली. लसीकरणाचं कार्ड हरवलं तरी अडू नये म्हणून त्याचा फोनवर फोटो काढून ठेवायचं आशाताईंनी सुचवलं, तेही चालू झालं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आणि केसपेपरच्या पैशांवरून होणारी रोजची कटकट तेवढ्यापुरती मिटली. मी आता समन्वयक नाही, गावची एक बाई म्हणून समितीच्या बैठकीला जाते. भिंतीवरचा कागद तिसऱ्यांदा बदललाय. लॅब टेक्निशियनचं पद त्यावर पहिल्या कागदापासून तसंच आहे. तापाचे रक्तनमुने पलीकडच्या केंद्रात जातात. रिपोर्ट किती दिवसांनी येतो ते आशाताई वहीत मांडून ठेवतात आणि दर बैठकीत वाचतात, आणि डॉक्टर ती वही जोडूनच जिल्ह्याला पत्र पाठवतात.